पांढरमाळच्या माऊलीचं पश्चिमेचं दार

रहिमतपूर

पांढरमाळचं चर्च मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची एकूण एक भिंत माझ्या हातून कागदावर उतरली होती. हे आधीच सांगते, नाहीतर तिथं माझी जी त्रेधा उडाली ती कुणाला कळायची नाही.

मी आरेखक. इंजिनियरनं कच्चं काढून दिलेलं मोजून-मापून पक्क्या कागदावर उतरवायचं, हे माझं काम. सगळी नोकरी साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात गेली. मोऱ्या काढल्या, शाळाखोल्या काढल्या, विश्रामगृहांच्या मागचे संडास काढले. पण त्याच्या आधी दोन वर्षं मी मिरजेत एका खासगी इंजिनियरांकडे होते. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. त्या साहेबांनी एकच इमारत पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत माझ्यावर सोपवली, ती म्हणजे आटपाडीकडच्या माळावरचं हे चर्च. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आमच्या घरातली नोकरी करणारी पहिली मुलगी. नकाशे गेले, पुढं मी ती नोकरी सोडली, लग्न होऊन साताऱ्याला आले. चर्च बांधून झालं की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या नणंदेचा, शांतावन्संचा, गुडघा दाखवायला आम्ही साताऱ्यातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या नर्सबाईंच्या टेबलामागं एक कॅलेंडर होतं. काळ्या दगडाच्या भिंती आणि त्यांवर पायरीसारखं दोन टप्प्यांचं काँक्रीटचं छत. माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी खाली पडली.

“ही पांढरमाळची माऊली,” नर्सबाई म्हणाल्या. “म्हणजे पवित्र मारिया. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फार लांबून लोक येतात तिथं. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिच्या तोंडावर ऊन येतं, ते बघायला.”

“सकाळच्या म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही हो. संध्याकाळच्या.”

मला वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होतेय. ते ऊन सकाळचं होतं. मीच काढलं होतं ते.

मार्चचा पहिला शनिवार धरून मी गुरुवारी निघाले. रहिमतपुरात वन्संना घ्यायचं होतं. वन्संनी सत्तरी ओलांडलीय, त्या लेकाकडे असतात. मी पोचले तर त्या चप्पल घालून ओट्यावर बसलेल्या.

“वन्सं, एक सांगून ठेवते. आपल्यात नवस करत नाहीत,” मी म्हटलं. आमची दोन्ही घरं थोरल्यांच्या वेळेला बौद्ध झाली, तेव्हापासून नवस-सायास सुटले ते सुटले.

“नवस कोण करतंय?” वन्सं उठल्या. “मी नुसता गुडघा दावून येणार हाय.”

मिरज

रहिमतपूरहून मिरजेला आम्ही रेल्वेनं गेलो. स्टेशनजवळच्या लॉजवर पिशव्या टाकल्या आणि मी वन्संना साहेबांचं ऑफिस दाखवायला घेऊन गेले. ऑफिस तानपुरे करणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. वर आम्ही रेघा मारायचो आणि खालून दिवसभर एकच तार पुन:पुन्हा छेडल्याचा आवाज यायचा. कारखाना अजून आहे. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, दारात एक गृहस्थ भोपळ्यावर रंधा घासत बसलेले. वर आता एक्स-रे काढतात. साहेबांचं विचारलं तर ते गृहस्थ म्हणाले, “जाऊन लय वर्षं झाली की. घरातली मंडळी पुण्याला गेली.”

वन्संनी विचारलं, “माणूस कसा हुता गं तुजा साहेब?”

मला पटकन सांगता येईना. साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. चर्चचा कच्चा आराखडा त्यांनी मला दिला तेव्हा शेजारी बसून सगळं समजावलं होतं. माळावर मजुरांची वस्ती आहे, दुष्काळात तिथल्या फादरांनी सुकडी वाटली, विहिरी खणल्या, तेव्हापासून काही घरं ख्रिस्ती झालीत आणि पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना करतात. त्यांना खिडक्यांना रंगीत काचा परवडायच्या नाहीत, म्हणून आपण उजेडच रंगासारखा वापरायचा. चर्चचं दार पूर्वेला. दाराशी इमारत अरुंद, आत जाल तशी रुंद होत जाते, टोकाला पश्चिमेच्या भिंतीशी वेदी. छत दारापासून निम्म्यापर्यंत बुटकं आणि तिथून वेदीपर्यंत एकदम उंच. बुटक्या आणि उंच छताच्या मध्ये जी चार फुटांची उभी फट राहते, तिच्यातून सकाळचं ऊन लोकांच्या डोक्यावरून जाऊन थेट वेदीवरच्या मूर्तीवर पडणार. पाऊस येतो पश्चिमेकडून, तिकडे जाड दगडी भिंत, त्यामुळे फटीला पावसाची भीती नाही. मी थक्क होऊन ऐकत राहिले होते.

आणि त्याच साहेबांनी त्या कामानंतर मला पुन्हा एकही आख्खी इमारत दिली नाही. वर्षभर दुसऱ्यांच्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायला लावलं. मी विचार करून करून दमले. बाई म्हणून? माझ्या आडनावामुळे? शेवटी दुसरं हेच कारण मी मनाशी धरलं, सरकारी परीक्षा दिली आणि त्यांचा नीट निरोपही न घेता निघून आले.

“माणूस बरा होता,” मी वन्संना म्हटलं. “पण माझ्याशी शेवटी बरा वागला नाही.”

आटपाडीची वाट

शुक्रवारी एसटीनं निघालो. तासगाव मागं पडेपर्यंत द्राक्षांचे मांडव सोबत होते. मग हिरवं हळूहळू विरत गेलं, बाभळी आल्या, मेंढरांचे कळप आले. साताऱ्याकडे पंधरा पावलांवर पाट दिसतो. इथं शेताच्या कडेला शेततळं असलं तर त्यालाही कुंपण. मध्येच डाळिंबाच्या बागा लागत, झाडांवर पांढरी कापडं पांघरलेली. वन्संना वाटलं कुणी धुणं वाळत घातलंय.

घोटाळा झाला तो फाट्यावर. आटपाडीच्या अलीकडं उतरायचं हे मला नर्सबाईंनी सांगितलं होतं. मी वाटेत तिघाचौघांना विचारलं, “पांढरमाळचं चर्च कुठं?” एकानं इंग्रजी शाळा दाखवली. दुसरा म्हणाला, असलं इकडं काही नाही. तिसऱ्यानं खात्रीनं सांगितल्यावर उतरलो, तर ती पांढरेवाडी निघाली. एसटी निघून गेलेली, ऊन डोक्यावर, वन्संचा गुडघा ठणकतोय.

फाट्यावर एका बाईंची खाणावळ होती. पत्र्याखाली दोन बाकडी, चूल बाहेर. त्यांनी आम्हाला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर गरम माडगं दिलं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळसर कालवण, लसणाची फोडणी दिलेलं. आमच्याकडे हुलगे जनावराला घालतात असं मी बोलून गेले. बाई हसल्या.

“आमच्याकडं माणसं खात्यात, आन दुष्काळात बी उभी ऱ्हात्यात.”

मी दुसरी वाटी मागून घेतली. वन्संनी भाकरी संपवून विचारलं, “बाय, माऊलीचं देऊळ कुठं हाय गं? जिच्या तोंडावर ऊन येतं ती?”

“मग असं सांगा की! ती पांढरमाळची माऊली. उद्या शनिवार हाय, आमी बी जाणार. तुमी दोन फाटं आधी उतारला.”

मला चर्च ठाऊक होतं आणि लोकांना माऊली ठाऊक होती. दोन्ही एकच आहे हे वन्संना माझ्याआधी कळलं.

मुक्काम आटपाडीला केला.

पांढरमाळ

सकाळी नऊच्या सुमारास जीपनं आम्हाला कुंपणाशी सोडलं. चहूकडं सपाट, फिकट माळ आणि मध्ये ते. कागदावर जसं होतं तसंच. भिंतीतले दगड गिलावा न करता ठेवलेले, ओळीत बसवलेले, छताची ती पायरी. मी उन्हाच्या बाजूनं चालत दाराकडे निघाले.

दार नव्हतं. समोर नुसती उंच, रुंद दगडी भिंत, तिच्यावर सकाळचं ऊन पसरलेलं. मला वाटलं मी चुकीच्या कडेला आले. वळसा घालून पुढं गेले तर भिंत अरुंद होत गेली. थांबले. सूर्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. सकाळ आहे, म्हणजे ती पूर्व. मग दार कुठाय? उगीचच मी उलट्या बाजूनं पुन्हा एक फेरी मारली. साठी उलटलेली बाई भिंतीला हात लावत गरागरा फिरतेय, हे बघून झाडलोट करणाऱ्या दोघी थांबून बघायला लागल्या.

“आगं सुमन, दार हिकडं हाय की!” वन्सं सावलीतून ओरडल्या. “तू कुणीकडं चाललीयास?”

दार पश्चिमेला होतं. वेदी पूर्वेला. छताची फट पश्चिमेकडे तोंड करून. आख्खी इमारत पाठमोरी उभी होती.

आत गेले. अंधार होता, माझ्या कल्पनेत जिथं आता लख्ख ऊन असायला हवं होतं तिथं मूर्ती जेमतेम दिसत होती. वरच्या फटीत निळा प्लास्टिकचा कागद कोंबलेला, त्याच्याखाली छताला ओलीचे काळे ओघळ. पश्चिमेचा पाऊस सरळ आत येत असणार, दुसरं काय होणार! भिंतीच्या कडेनं अठरा इंच रुंदीचा दगडी कट्टा होता. साहेबांच्या आराखड्यात तो नव्हता, म्हाताऱ्या बायांना टेकायला म्हणून मी भीत भीत घातला होता आणि त्यांनी राहू दिला होता. वन्सं त्याच्यावर बसून गुडघा चोळत होत्या. “झ्याक बसायला केलंय बघ कुणीतरी,” त्या म्हणाल्या. मला धड हसता येईना.

तेवढ्यात फादर आले. चाळिशीचे, वसईकडचे, पायात साध्या चपला. आम्ही कोण हे त्यांनी विचारलं. मी फक्त ‘साताऱ्याहून आलोय’ इतकंच सांगितलं. ते आपणहून माहिती देऊ लागले.

“ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून वेदीवर फुलं नाहीत. नाहीतर आजच्या दिवशी झेंडूचा ढीग असतो. इथली गोष्ट ऐकलीत ना? पाया आखायला चुन्याची फक्की टाकली तेव्हा दार पूर्वेला होतं. रात्रीत ते फिरलं. सकाळी लोक बघतात तर दार पश्चिमेला, वस्तीकडे तोंड करून. वस्तीतली माणसं दिवस उगवायच्या आत मजुरीला जायची, त्यांना सकाळचं ऊन काय उपयोगाचं? म्हणून माऊलीनं घर फिरवून घेतलं, दमून आलेल्यांना संध्याकाळी तोंड दिसावं म्हणून.”

“तुम्हाला काय वाटतं, फादर?”

“जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेलाच असायची. तेव्हाच्या फादरांनी तोच रिवाज धरला असेल, असं मी समजतो. पण कुठं लिहिलेलं सापडत नाही. आता तर मोठाच प्रश्न आलाय. पावसाळ्यात लोकांच्या अंगावर धार लागते, लोखंड गंजायला लागलंय. सोमवारी ठेकेदार येणार आहेत, फट विटांनी बुजवायला. त्यांचं म्हणणं, मुळात इमारतच चुकून उलटी बांधलीय. फट बुजवली तर ऊन बंद. लोक मला काय म्हणतील?”

“चुकून म्हणजे कुणाच्या चुकीनं?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक. जुने नकाशे आहेत कपाटात. बघायचेत?”

नको म्हणावंसं वाटलं. पण मी त्यांच्यामागून गेले.

फादरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून गुंडाळी निघाली. पहिलाच कागद जागेचा आराखडा. उघड्या माळाचा चौकोन, त्यात ना रस्ता, ना झाड, ना विहीर. चारी बाजू सारख्या. दिशा कळायला एकच खूण, कोपऱ्यातला उत्तरेचा बाण. खाली माझ्या हातची अक्षरं, तेव्हा मी ‘र’ला उगाच शेपूट काढत असे.

बाण उलटा होता.

हे कसं झालं तेही मला त्याच क्षणी आठवलं. साहेबांच्या रिवाजाप्रमाणे शीर्षकाची चौकट खालच्या डाव्या कोपऱ्यात यायला हवी होती आणि इमारतीचा रुंद भाग नेमका तिथं अडत होता. म्हणून मी आराखडा कागदावर उलटा फिरवून घेतला होता. सगळं फिरवलं आणि बाण मात्र सवयीनं सरळ वर काढला. बाकीच्या नकाशांत एकेक इंच बरोबर, आणि चुकली ती ही एवढीशी रेघ.

खोलीबाहेर येऊन वन्संना सांगितलं.

“म्हंजे माऊलीनं न्हाई, तू फिरवलंस?”

“हो.”

“मग सांग जा त्यास्नी.”

“इतक्या लोकांची श्रद्धा आहे, वन्सं. मी कोण सांगणार? आणि नाही सांगितलं तर सोमवारी...”

“मला त्यातलं काय कळत न्हाई. पर तुज्या तोंडावरनं दिसतंय, तू न सांगता हितनं हलायची न्हाईस.”

मी परत आत गेले आणि फादरना सगळं सांगून टाकलं. ते खुर्चीत बसले. नकाशा पुन्हा उलगडून त्यांनी बाण पाहिला. मग म्हणाले, “दाविदतात्यांना बोलावतो. पायाची फक्की त्यांनीच टाकली होती.”

दाविदतात्या वस्तीतलेच, तेव्हाचे तरुण गवंडी, आता पाठीत वाकलेले. डोळ्यांवर जाड चष्मा, बोटं मात्र अजून चिमट्यासारखी घट्ट. मी तीच नकाशेवाली मुलगी, हे कळल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मी माझ्या चुकीबद्दल सांगितल्यावर नकारार्थी मान हलवली.

“आवं बाई, फक्की मीच टाकली. कागद बघूनच टाकली. रातीत काय फिरलं न्हाई, ते मागनं लोकांनी लावलं. वस्तीतल्या चाळीस बायकांनी पाया खणला, खाली समदा मुरूम, पहारी वाकल्या. महिना गेला. मग तुमचं सायेब आलं मिरजेवरनं.”

“साहेबांनी बघितलं?”

“व्हय तर. चरात उतरलं. कागद असा धरला, तसा धरला. सूर्याकडं बघितलं. मग दगडावर बसलं, लय वेळ बसलं. थोरलं फादर इचारत्यात, काय झालं? तवा सायेबांनी मला इचारलं, किती दिस खणताय? मी म्हनलं, महिना. त्यांनी एकदा त्या बायकांकडं बघितलं, कागदाची घडी घातली आन म्हनलं, बरोबर हाय. चालू द्या.”

म्हणजे साहेबांना कळलं होतं. बायांची महिन्याची मेहनत मातीत जाऊ नये म्हणून ते गप्प बसले, की माझं नाव निघू नये म्हणून? मिरजेला परत येऊन त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. मला ट्रेसिंगला बसवलं आणि मी ते जातीवर नेलं, इतकी वर्षं मनात तसंच जपलं. पण त्यांनी तरी का सांगू नये? सांगितलं असतं तर मी रडले असते, शिकले असते, आणि कदाचित दुसरी इमारत मागायला गेले असते. त्यांनी मला वाचवलं की बाजूला सारलं? त्यांच्यावरचा राग काढून टाकायचा म्हटलं तर त्याच्या जागी काय ठेवायचं, तेच मला सुचेना.

“तात्या,” फादरनी विचारलं, “मग माऊलीनं फिरवलं असं तुम्हीच दर वर्षी सांगता ना?”

“आताबी सांगतो. बाईंनी चुकवलं, मी टाकलं, सायेबांनी ठिवलं. तिघांला बी एकाच टायमाला भुरळ पडली व्हय?” तात्या माझ्याकडे वळले. “राग नका मानू, पर एवढं काय तुमच्या एकलीच्यानं व्हायचं न्हाई.”

दुपारी मंडपात आमटी-भाताची पंगत होती. तात्यांनी तोवर गावभर केलं होतं. एकीमागून एक बाया येऊन माझ्या पाया पडायला लागल्या. कालची खाणावळीतली बाईही त्यांत होती. मी पाय मागं घेत होते, “अहो, असं करू नका, माझी चूक झाली होती, माझा बाण उलटा पडला होता,” असं ज्याला-त्याला सांगत होते. त्यांना तो विनय वाटत होता. शेवटी खाणावळीतल्या बाईचे हात धरून मी मोठ्यानं म्हटलं, “बाई, नीट ऐका. हे सकाळच्या उन्हासाठी होतं. मी चुकले.”

त्यांनी ऐकून घेतलं.

“चुकला असाल,” त्या म्हणाल्या. “पर सकाळी आमी कुठं मोकळ्या असतो?” आणि भाताची परात उचलून पुढं गेल्या.

पाचच्या पुढं घंटा झाली. कट्ट्यावर म्हाताऱ्या, खाली चटयांवर बाकीचे. कुणीतरी शिडी लावून फटीतला प्लास्टिकचा कागद ओढून काढला. “नमो मारिया, कृपापूर्णे” असं सगळे एका सुरात म्हणू लागले, दगडी भिंतींमधून तो आवाज मागं न घुमता पुढं सरकत होता. साहेबांनी भिंती रुंद होत का नेल्या होत्या, ते आत्ता कळलं. मग ऊन आलं. डोक्यांवरून, धुळीचे कण घेऊन, पिवळंधमक, ते वेदीच्या भिंतीवर पडलं आणि मूर्तीच्या पायांपासून तोंडापर्यंत सगळी माऊली एकदम उजळली. लाकडाची मूर्ती, सावळी, नऊवारी नेसवलेली, दोन्ही हात पुढं केलेले. आवाज थांबले. वन्संनी पदर सावरला, पाय लांब केला आणि खरोखरच गुडघा तिच्या दिशेनं पुढं धरला.

मी सकाळचं ऊन काढलं होतं ते पांढरं असणार होतं. हे असं पिवळं मी काढूच शकले नसते. मला अभिमान वाटायला लागला, लगेच लाज वाटली, आणि मग कशाची लाज तेही कळेना. डोळे मात्र वाहत होते, ते मी पुसले नाहीत.

प्रार्थना संपल्यावर मी फादरना म्हटलं, “सोमवारी विटा लावू नका. मला आठ दिवस द्या.”

सातारा

घरी येऊन मी जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढला. उंच छताच्या कडेपासून बुटक्या छतावर येणारा काँक्रीटचा छज्जा काढला, फटीच्या पायथ्याशी पाणी अडवायला उंचवटा, दोन्हीकडे पन्हळी. फट तशीच राहील, पाऊस बाहेर राहील. सांगलीच्या एका इंजिनियर मैत्रिणीकडून लोखंडाचा हिशेब तपासून घेतला आणि नकाशा पाठवला. फादरनी ठेकेदाराला थांबवलं. दाविदतात्यांनी भर उन्हात समोर उभं राहून काम करून घेतलं. जूनमध्ये फादरचा फोन आला, दोन मोठे पाऊस झाले, आत टिपूस नाही.

“पण एक झालंय,” ते म्हणाले. “प्रार्थनेच्या वेळेला ऊन आता तोंडावर येत नाही. हातांपर्यंतच येतं. तोंड उजळायला अर्धा तास उशीर होतो.”

छज्जा वरची किरणं कापणार, हे कुठल्याही आरेखकाला कळायला हवं. मी पावसाचा तेवढा विचार केला आणि उन्हाचा विसरले. माझ्याकडून पुन्हा तेच झालं होतं. या वेळी मात्र मी एक क्षणही थांबले नाही.

“फादर, ही चूक माझी आहे. छज्जा नऊ इंच छाटायला सांगा, तोंडावर ऊन येईल. मी सुधारलेला नकाशा आजच पाठवते.”

पाठवलाही. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. लोक आता अर्धा तास जास्त थांबतात, आधी हात दिसतात, मग तोंड, आणि त्या मधल्या वेळात कुणी उठत नाही. माऊली आता आधी हात पुढं करते, असं बाया सांगत फिरताहेत. फादरना यावर काय बोलावं ते कळत नाहीये. नकाशा त्यांनी दाविदतात्यांना दाखवला होता. तात्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, घडी घातली आणि निरोप दिला:

“बाईंना म्हणावं, कागद तुमचा, पर छज्जा माजा हाय. आता त्येला हात लावायचा न्हाई.”